गुगल शीट्स : हौशी गायन स्पर्धेच्या निकालासाठी कितपत उपयोगी?

तीन परीक्षक, वीस-पंचवीस स्पर्धक आणि शेवटचं गाणं संपल्यावर अर्ध्या तासात बक्षीस समारंभ. मंडळाच्या सुगम किंवा अभंग गायन स्पर्धेत निकालाच्या टेबलावर एवढाच वेळ मिळतो. या कामाला गुगल शीट्स हे आकड्यांचे तक्ते करायचं ॲप चांगलं आहे, फुकट आहे आणि बेरजेत चुकत नाही. मात्र नुसती बेरीज करून निकाल लावला तर अचूक बेरजेतूनही अन्याय होतो.

एक उदाहरण घ्या. पहिल्या गायिकेला तीन परीक्षकांनी ७०, ८४ आणि ८५ गुण दिले, दुसरीला ९०, ८२ आणि ८३. बेरीज २३९ आणि २५५, म्हणजे दुसरी सरळ जिंकली. पण तिघांपैकी दोघांच्या मते पहिली सरस होती! एकजण सढळ हाताने गुण देतो आणि तितक्याच सहज कापतो, बाकीचे दोघे ८० ते ८५ च्या बाहेर जात नाहीत. अशा वेळी निकाल एकट्या पहिल्या परीक्षकाचा असतो. श्रोत्यांना ते जाणवतं आणि मग ‘आधीच ठरलेलं होतं’ अशी कुजबुज सुरू होते.

यावर शीट्समध्ये सोपा इलाज आहे. प्रत्येक परीक्षकाने दिलेल्या एकूण गुणांवरून स्पर्धकांचा वेगळा क्रम काढायचा आणि तिघांच्या क्रमांची सरासरी घ्यायची. सर्वांत कमी सरासरी तो पहिला. वरच्या उदाहरणात पहिलीचे क्रम २, १, १ आणि दुसरीचे १, २, २ येतात आणि निकाल पालटतो. सूत्र निवडताना ‘रँक’ नको, ‘रँक डॉट एव्हीजी’ घ्या. दोघांना दुसऱ्या जागी सारखे गुण असतील तर साधं ‘रँक’ दोघांनाही २ देतं आणि पुढच्याला ४. ‘एव्हीजी’वालं दोघांना अडीच-अडीच देतं, त्यामुळे क्रमांची एकूण बेरीज बिघडत नाही.

या पद्धतीत फरकाची खोली मात्र हरवते. ९२ विरुद्ध ९१ असो की ९२ विरुद्ध ७०, दोन्ही ठिकाणी अंतर एकाच क्रमाचं. मधल्या फळीत अर्ध्या गुणाने माणूस चार जागा खाली जाऊ शकतो. म्हणून पहिले तीन आणि उत्तेजनार्थ एवढेच क्रमांक जाहीर करावेत, सोळावा-सतरावा कोण हे सांगू नये. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळण्याची पद्धत पाच परीक्षक असतील तरच वापरण्यासारखी. तिघांत तसं केलं तर एकाच माणसाचं मत उरतं.

परीक्षकाचा स्वतःचा शिष्य गात असेल तर त्याने गुण देऊ नयेत, हे बहुतेकांना मान्य असतं. घोळ नंतर होतो. तो रकाना रिकामा राहतो, बेरजेचं सूत्र तिथे शून्य धरतं आणि त्या मुलाचा निष्कारण बळी जातो. सरासरीचं सूत्र रिकामे रकाने सोडून देतं, म्हणून तेच वापरा. क्रमाच्या सूत्रालाही आधी ‘इफ’ लावा, म्हणजे रकाना रिकामा असेल तर क्रमही रिकामा राहील.

शीट्स सर्वांत कमी पडतं ते गोपनीयतेत. एकाच फाइलमध्ये तिन्ही परीक्षकांना गुण भरायला दिले तर शेजारच्याचे आकडे दिसतात आणि नवखा परीक्षक ज्येष्ठांच्या आकड्याकडे सरकतो. पान लपवून भागत नाही, संपादनाची परवानगी असलेला कोणीही ते उघडू शकतो. प्रत्येकाला वेगळी फाइल देऊन ‘इम्पोर्टरेंज’ने गुण एकत्र आणता येतात, पण त्याला आधी एकदा परवानगी द्यावी लागते आणि चालू नेट लागतं. मंगल कार्यालयाच्या तळघरातल्या हॉलमध्ये नेमकं तेच नसतं. शिवाय डोळे मोबाइलवर असले की कान गाण्यावर राहत नाहीत. परीक्षकांच्या हातात छापील गुणपत्रक आणि पेनच असावं. सूर ३५, ताल-लय २५, शब्दोच्चार १५, भाव आणि मांडणी २५. टेबलावर एकाने आकडे वाचावेत, दुसऱ्याने भरावेत, आणि रकान्यांना ०–३५, ०–२५ अशी मर्यादा घालून चुकीची नोंद नाकारण्याचा पर्याय निवडावा, म्हणजे २३ च्या जागी २३० पडलं तर शीट्स ते नाकारेल. क्रोममध्ये ऑफलाइन वापराची सोय आदल्या दिवशीच चालू करून ठेवा.

पहिल्या स्पर्धकाला परीक्षक सहसा जपून मधले गुण देतात, कारण तुलनेला कोणी नसतं. पाच गाणी झाल्यावर पहिल्या तिघांचे गुण फेरतपासायची मुभा द्यावी, आणि तोवर ते शीटमध्ये भरू नयेत. गाण्याचा क्रम सर्वांसमोर शीट्समधल्या यादी उलटसुलट करण्याच्या (‘रँडमाइझ रेंज’) सोयीने लावला की शंकेला जागा राहत नाही. याच यादीत पट्टी आणि ताल यांचे रकाने असले की साथीदारांनाही आधी तयारी करता येते.

बरोबरी कशी सोडवायची ते आधीच जाहीर करा. दोघांपैकी ज्याला जास्त परीक्षकांनी वर ठेवलं तो वर, तिथेही बरोबरी असेल तर सुराचे गुण. तक्रार फक्त आकडेमोडीबद्दल, निकालानंतर अर्ध्या तासात.

निकाल पचायला सर्वांत जास्त मदत होते ती स्पर्धकाच्या चिठ्ठीची, आणि ती शीट्समधून सहज छापता येते. तिच्यावर त्याचे स्वतःचे तीन क्रम, चारही निकषांचे सरासरी गुण आणि परीक्षकाची एक ओळ असावी. ‘छान प्रयत्न’ नको. ‘अंतऱ्यात तार सा (वरच्या सप्तकातला सा) खाली राहतो’ असं लिहावं. क्रम २, ९, ४ असतील तर परीक्षकांच्या आवडीनिवडीत फरक आहे, गाणं वाईट म्हणून नाउमेद होऊ नये. १२, १३, १२ असतील तर तिघांनाही तेच ऐकू आलं आहे, आणि कुठला निकष खाली गेला ते चिठ्ठीवरच दिसतं. ही चिठ्ठी फक्त स्पर्धकाच्या हातात द्यावी. नावांसकट संपूर्ण तक्ता व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नये, त्यातून शेवटच्या मुलाला विनाकारण खाली पाहावं लागतं.