पादोव्हा, दोन गाईड आणि एक नरसाळं

तुळशीबागेत तुळस शोधायला कुणी जात नाही आणि चिमण्या गणपतीला जाऊन चिमण्या मोजणारा माणूस पुण्याचा नसतो. त्यामुळे इटलीतल्या पादोव्ह्याच्या गाईडबाईंनी पहिल्या पाच मिनिटांतच ‘आमचं गाव तीन नसलेल्या गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे’ असं सांगितलं, तेव्हा मी आणि माझी धाकटी जाऊ एकमेकींकडे बघून हसलो. नाव नसलेला संत, दारं नसलेला कॅफे आणि गवत नसलेलं कुरण. संत अँथनीला इथे सगळे नुसतं ‘इल सांतो’ म्हणतात, नाव घ्यायची गरजच पडत नाही. १८३१ साली उघडलेला पेद्रोक्की कॅफे १९१६ पर्यंत रात्रंदिवस चालू असायचा, मग दारं हवीत कशाला? कुरण म्हणजे प्रातो देल्ला व्हाल्ले नावाचं भलंमोठं मैदान. मधे बेट, भोवती पाण्याचा कालवा आणि काठाने ७८ पुतळे. आता तिथे चांगलं हिरवंगार गवत आहे, पण नाव कोण बदलतो!

आपल्याकडचे टूरवाले या गावाला पडुआ म्हणतात. दहा वर्षांपूर्वी पुण्याच्याच एका टूर कंपनीबरोबर मी इथून गेले होते. ‘गेले होते’ हेच बरोबर, कारण बस चर्चसमोर थांबली, वीस मिनिटं दिली, त्यातली बारा बायकांच्या बाथरूमच्या रांगेत गेली. यंदा व्हेनिसच्या हॉटेलांचे भाव बघून भाची म्हणाली, मावशी, पादोव्ह्यात राहा, ट्रेनने अर्ध्या तासात व्हेनिस. तिनेच गावातल्या एका गाईडबाईंचा तीन तासांचा वॉक बुक करून दिला. माणशी ३५ युरो. पैसे ऐकून जाऊ म्हणाली, “वहिनी, एवढ्यात दिवाळीचा फराळ होतो.”

आधी माझ्याबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी एकतीस वर्षं मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवली. वेसालियस, फालोपियो, फाब्रिचियो, मोर्गान्यी ही माणसं माझ्यासाठी पाठ्यपुस्तकाच्या समासातली नावं होती. फॅलोपियन ट्यूब, बर्सा ऑफ फॅब्रिशियस असं आयुष्यभर फळ्यावर लिहिलं. (कोंबडीतल्या या पिशवीसारख्या बर्सावरूनच प्रतिकारशक्तीच्या बी-सेल नावाच्या पेशींमधला ‘बी’ आला, हे विद्यार्थ्यांना सांगितलं की मागचे बाकसुद्धा जागे व्हायचे.) पण ही चारही माणसं एकाच गावात शिकवून गेली, हे डोक्यात कधी एकत्र आलंच नव्हतं.

विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे पालाझ्झो बो. ‘बो’ म्हणजे बैल. या जागी पूर्वी बैलाच्या नावाची खानावळ होती, तेच नाव विद्यापीठाला चिकटलं. विद्यापीठ मात्र १२२२ सालचं. बोलोन्याच्या विद्यापीठातून काही मंडळी मोकळेपणाने शिकता यावं म्हणून इकडे निघून आली, तिथून सुरुवात. म्हणजे भांडून वेगळी संस्था काढायची परंपरा फक्त आपल्या पेठांमधली नाही. आत फिरवायला विद्यापीठाची गाईड असते. आमची जेमतेम पंचविशीची मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, इंग्रजी स्वच्छ.

गॅलिलिओ इथे १५९२ ते १६१० अशी अठरा वर्षं शिकवत होता. त्याचं म्हणून जे व्यासपीठ दाखवतात, ते अगदी ओबडधोबड फळ्यांचं आहे, वाड्याच्या माळ्यावर जाणाऱ्या जिन्यासारखं. जिन्याच्या पायथ्याशी एलेना कोर्नारोचा पुतळा आहे. १६७८ साली इथे डॉक्टरेट मिळवणारी ही पहिली बाई. तिला थिऑलॉजीची, म्हणजे धर्मशास्त्राची, पदवी हवी होती, बिशप आडवे आले, म्हणून तत्त्वज्ञानाची दिली. जाऊ हळूच म्हणाली, “आनंदीबाईंच्या आधी दोनशे वर्षं.” मी म्हटलं, दोनशे आठ.

आणि मग अ‍ॅनाटॉमी थिएटर, म्हणजे विद्यार्थ्यांसमोर मृतदेहाचं डिसेक्शन करून शिकवायची जागा.

फोटो मी शंभर वेळा पाहिला होता. फोटोत ते वरून दिसतं आणि मोठं वाटतं. प्रत्यक्षात आम्हाला खालून नेलं, बॉडी वर जायची त्या बाजूने. मान वर केली की एका लाकडी नरसाळ्याच्या तळाशी उभं असल्यासारखं वाटतं. लंबगोल, एकावर एक सहा कठडे, अक्रोडाच्या लाकडाचे, कोरीव खांबांचे. बसायला जागा नाहीच. विद्यार्थी खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. कठडे पोटाच्या वर येतील इतके उंच, म्हणजे एखाद्याला घेरी आली तरी तो खाली डिसेक्शनवर पडायचा नाही. खिडक्या नव्हत्या, मेणबत्त्यांच्या उजेडात काम चालायचं, तेही थंडीतच, कारण उन्हाळ्यात बॉडी टिकायची नाही. १५९५ चं हे बांधकाम, फाब्रिचियोच्या काळातलं. विल्यम हार्वे इथे शिकून १६०२ साली पदवी घेऊन गेला. फाब्रिचियोने शिरांमधल्या झडपा दाखवल्या, त्या कशासाठी आहेत हे हार्वेने पुढे ओळखलं आणि १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचं पुस्तक काढलं. गुरूला दिसलं, शिष्याला कळलं.

त्या मुलीला मी इतकंच म्हटलं, की मी हा विषय शिकवत होते. तिने पाठ केलेलं भाषण तिथेच थांबवलं आणि विचारलं, “सिन्योरा, तुमच्याकडे पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना काय सांगतात?” आमच्याबरोबर एक जर्मन कुटुंब होतं, दोन-तीन कॉलेजची मुलं होती. मी माझ्या पुणेरी इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे मुलं पहिल्या दिवशी बॉडीला हार घालतात, शपथ घेतात, आणि मी त्यांना आधी हात बघायला सांगायची. चेहरा नाही, हात. नखं, घट्टे, कधी कधी अंगठीचा पांढरा वळ. कारण हाताकडे नीट बघितलं की पुढे वर्षभर कुणी टेबलापाशी फालतू विनोद करत नाही. जर्मन बाईंनी मग देहदानाबद्दल दोन प्रश्न विचारले. गाईड मुलगी त्या सगळ्या वेळात एक शब्द बोलली नाही, घड्याळाकडेही बघितलं नाही. माझ्या मते याला गाईड म्हणतात. शेजारच्या दालनात तिने कपाटातल्या कवट्या दाखवल्या, स्वतःचा देह विद्यापीठाला देऊन गेलेल्या प्राध्यापकांच्या. फक्त वास नव्हता. फॉर्मलिन डोळ्यांत झोंबल्याशिवाय मला डिसेक्शन हॉल खरा वाटत नाही.

आता गावाच्या वॉकबद्दल. चांगलं आधी. बाजारातल्या पालाझ्झो देल्ला राज्योने या प्रचंड सभागृहात एक काळा दगड आहे. कर्ज बुडवणाऱ्याने कपडे उतरवून त्यावर सगळ्यांसमोर तीनदा आपटून बसायचं, ‘माझं सगळं घ्या’ म्हणायचं आणि गाव सोडायचं. त्याआधी शिक्षा तुरुंगाची होती, ती संत अँथनीच्या सांगण्यावरून सौम्य केली म्हणे. जाऊ सहकारी बँकेतून रिटायर झालेली. ती त्या दगडासमोर बराच वेळ उभी होती, काय विचार करत होती ते मी विचारलं नाही.

दुसरी मजा रस्त्यात फुकट मिळाली. पदवी मिळालेल्या मुलाच्या डोक्यावर लॉरेलची पानांची माळ, आणि मित्र त्याला भर चौकात एक मोठा कागद मोठ्याने वाचायला लावत होते. त्यावर त्याचं व्यंगचित्र आणि त्याची सगळी लफडी यमकात. चुकलं की वाइनचा घोट. सोबत ‘दोत्तोरे, दोत्तोरे’ असं गाणं, ज्याचा पुढचा अर्थ बाईंनी सांगितला पण मी इथे लिहीत नाही. आपल्या फिशपाँडचा थोरला भाऊच.

बोटॅनिकल गार्डन १५४५ चं, औषधी वनस्पतींसाठी काढलेलं. भोवती गोल भिंत का, तर रात्री लोक झाडं चोरायचे. चोरांना दंड, तुरुंग, हद्दपारीसुद्धा होती. आमच्या कॉलनीत पहाटे पिशवी घेऊन दुसऱ्याची जास्वंद तोडणाऱ्या मंडळींना मी हे आवर्जून कळवलं आहे.

तक्रारी आहेतच. वॉकवाल्या बाई फार भरभर चालतात, तीन तासांत एकदा सोडून कुठे बसवलं नाही, आणि कानात घालायचं यंत्र दर पाच मिनिटांनी खरखरायचं. साठीच्या पुढच्यांनी बुक करतानाच ‘मधे बसायचं आहे’ असं स्पष्ट लिहावं. आम्ही शाकाहारी आहोत हे आधी कळवूनही सभागृहाखालच्या बाजारात त्या आम्हाला थेट घोड्याच्या मांसाच्या दुकानासमोर घेऊन गेल्या. पण जोत्तो या चित्रकाराने भिंती रंगवलेल्या चॅपेलआधी त्यांनी जे केलं, त्याबद्दल निम्मे गुन्हे माफ. आत हवा नियंत्रित ठेवायची म्हणून आधी काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात आणि आत साधारण तेवढीच मिळतात. बाईंनी बाहेर बाकावर (हो, इथे बसवलं!) छापील चित्रं दाखवून बजावलं, सगळं बघायला जाऊ नका, भिंतींवरचे चारच तुकडे बघा. त्यातला एक म्हणजे बाळ येशूला भेटायला तीन राजे येतात त्या चित्रातला तारा, जो जोत्तोने शेपटीचा धूमकेतू काढलाय. १९८६ साली हॅलेच्या धूमकेतूकडे गेलेल्या यानाला जोत्तोचंच नाव होतं. त्या वर्षी नवऱ्याने मला पहाटे चारला उठवून पर्वतीवर नेलं होतं आणि ढग होते. तो धूमकेतू मला अखेर इथे छताखाली, निळ्या रंगात दिसला.

शेवटी पेद्रोक्कीत गेलो. तिथल्या हिरव्या दालनात काही न मागवताही बसायची मुभा असायची, रिकाम्या खिशाच्या विद्यार्थ्यांसाठी. आम्ही मागवलं. त्यांची खास कॉफी येते, वर पुदिन्याची थंड साय आणि कोको. ढवळायची नाही, तशीच प्यायची. जाऊने कप नाकाशी नेला, म्हणाली, “कॉफीत पुदिना? वहिनी, आपल्या अमृततुल्यवाल्याला सांगू नका हं.” मग गप्प बसून सगळी प्यायली आणि माझ्या कपाकडे बघायला लागली.