आजोळ गोव्याचं आहे? पोर्तुगीज पासपोर्टच्या नावाखाली आमचे ४,५०,५०० रुपये गेले, ते वाचा

हे लिहू नको, असं बायको अजूनही म्हणते आहे. नातेवाइकांत व्हायची तेवढी शोभा झालीच आहे, आणखी चारचौघांत कशाला, असं तिचं म्हणणं. पण नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं नुकतेच, आम्हाला फसवलेल्या एजंटाच्याच कार्यालयात ५१,००० रुपये भरले, हे कळल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. या धंद्याची साधारण रीत सगळ्यांना माहीत आहे: आधी थोडे पैसे, मग थोडे जास्त, मग ‘शेवटचा टप्पा’, मग फोन बंद. म्हणून ते सविस्तर सांगत बसत नाही. आमच्या बाबतीत जे वेगळं झालं ते सांगतो.

पहिली गोष्ट, आमचा हक्क खरा होता. आम्ही कुणी खोटे पूर्वज शोधायला निघालो नव्हतो. आईचा जन्म १९५७ चा, फोंडा तालुक्यातल्या मार्दोळचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. त्याआधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्या माणसांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा आजही नागरिकत्वाचा दावा करू देतो. आधी जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात करायची, लग्न झालं असेल तर लग्नाचीही, आणि मग मुलांचे अर्ज. गोव्यातल्या हजारो घरांनी हे केलेलं आहे. आई लग्न होऊन नाशिकरोडला आली, वडील प्रेसमध्ये नोकरीला होते, दिंडोरीला वडिलोपार्जित द्राक्षबाग. आमची मुलगी आठवीत. तिला पुढे युरोपात शिकता यावं, एवढाच विचार होता. हाव म्हणणाऱ्यांनी म्हणावं. स्वतःच्या लेकराच्या शिक्षणाचा विचार करणं ही हाव नाही.

कॉलेज रोडला चकचकीत कार्यालय, भिंतीवर लिस्बनचे आणि लंडनचे फोटो, समोर गोड बोलणारा माणूस. “दादा, ही काही लॉटरी नाही, हा तुमचा हक्क आहे. काकूंमुळे तुमच्या पोरीचं आयुष्य बदलेल,” हे त्याचं पहिलंच वाक्य. आता ते लंडनचे फोटो आठवले की डोकं फिरतं. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे जाऊन राहायची सोय ३१ डिसेंबर २०२० ला संपली. जे आधीपासून तिथे राहत होते त्यांच्यासाठी अर्जाची मुदत ३० जून २०२१ पर्यंत होती, तीही संपली. हा माणूस मात्र २०२४ च्या दिवाळीनंतर आम्हाला लंडनच्या नोकऱ्या दाखवत होता. कुणी पोर्तुगीज पासपोर्टवर लंडन दाखवत असेल तर तिथूनच उठून या.

पैसे असे गेले. फाइल उघडायचे ५१,०००. गोव्यातून जन्माचा आणि लग्नाचा दाखला काढायचे ३८,५००. पोर्तुगीज भाषांतर आणि अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय करतं ते प्रमाणीकरण) ४६,०००. लिस्बनचा वकील २,२५,०००. आणि शेवटी ‘अर्जंट’ म्हणून ९०,०००. यातले ९०,००० रोख दिले, त्याची पावती नाही. बाकीचं सगळं बँकेतून गेलं आहे. आईची एक मुदत ठेव मोडली आणि बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या, त्या अजून सुटलेल्या नाहीत.

अपॉस्टिलचं इथेच सांगतो. परराष्ट्र मंत्रालयाचं शुल्क एका कागदाला ५० रुपये आहे. वर एजन्सीचं थोडं सेवाशुल्क आणि राज्याच्या पातळीवरच्या साक्षांकनाचा खर्च. आमचे कागद होते मोजके. ४६,००० कशाचे? शिवाय अपॉस्टिलच्या प्रत्येक स्टिकरवर क्रमांक असतो आणि तो मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आमच्या स्टिकरवरचा क्रमांक तिथे सापडतच नाही. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

आता तो दिवस, ज्याची आठवण मला झोपू देत नाही. त्यानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून आईच्या जन्माचा दाखला काढला आणि म्हणाला, “काकू, अभिनंदन. मूळ नोंद मिळाली.” आईनं चष्मा लावला, कागद खिडकीकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “अहो, हे इंग्रजीत कसं? आमच्या बाबांचे सगळे कागद पोर्तुगीजमधले होते.” तो हसला. “काकू, ही नवी प्रत आहे. गोवा सरकार आता इंग्रजीतच देतं.” कागदाच्या खाली निळा गोल शिक्का होता. त्यावर लिहिलं होतं, गोवा, दमण आणि दीव सरकार. शिक्क्याच्या वर तारीख, १९५७ ची.

१९५७ साली गोवा, दमण आणि दीव सरकार नावाचं काही अस्तित्वातच नव्हतं! तिथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. तो केंद्रशासित प्रदेश मुक्तीनंतर झाला आणि ३० मे १९८७ ला गोवा स्वतंत्र राज्य झालं तेव्हा तो संपला. म्हणजे कागद जुना म्हणावा तर शिक्का नंतरचा, आणि नवी प्रत म्हणावी तर ज्या सरकारचा शिक्का आहे ते सरकार जाऊन जमाना झाला. कसंही धरा, कागद खोटा. ते तिथे, त्या टेबलावर, आमच्या डोळ्यांसमोर होतं. आईला काहीतरी खटकलं होतं, तिनं विचारलंही होतं. त्याच संध्याकाळी मी २,२५,००० आरटीजीएस केले.

मला शहाणपण शिकवणाऱ्यांना एवढंच विचारतो, नाशिकमध्ये वाढलेल्या, अंबडच्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाला १९५७ च्या गोव्याचा शिक्का कसा असतो हे कुठून कळणार? पैसे घेऊन तेच बघायचं त्याचं काम होतं. डॉक्टरनं दिलेलं औषध आपण प्रयोगशाळेत नेऊन तपासत नाही.

हे उघडं पडलं ते मार्दोळला म्हाळसेच्या दर्शनाला गेलो तेव्हा. मामेभावाला सहज फाइल दाखवली. त्यानं शिक्का बघितला, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता दुसऱ्या दिवशी आम्हाला फोंड्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयात घेऊन गेला. आमच्या दाखल्यावरचा नोंद क्रमांक भलत्याच मुलाचा निघाला, गावही वेगळं. मग आईच्या जन्मवर्षाचं पुस्तक शोधलं आणि तिची खरी नोंद सापडली. पोर्तुगीज भाषा, फिकट झालेली शाई, आजोबांच्या नावापुढे ‘सिनाय’ (म्हणजे शेणवी), आईच्या नावातल्या ‘श’ ला तिकडच्या पद्धतीनं ‘एक्स’ अक्षर, आणि खाली आजोबांची सही. आई त्या सहीवर बोट ठेवून उभी राहिली. आमच्या खोट्या दाखल्यात मात्र नाव आधार कार्डावरून जसंच्या तसं उतरवलेलं. खरी नोंद तिथेच होती, अर्ज करून किरकोळ शुल्कात नक्कल मिळते, आणि ह्या माणसानं ३८,५०० घेऊन फोंड्याला जायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. घरी बसून खोटा कागद छापला.

राग पैशांपेक्षा ह्याचा जास्त आहे. आमच्या खऱ्या हक्काला त्यानं खोटा कागद जोडला. आईच्या सह्या घेऊन ठेवल्यात, काही कोऱ्या फॉर्मवर. उद्या तो बनावट दाखला तिच्या नावानं कुठे सादर झाला तर जबाब कुणी द्यायचा, ६८ वर्षांच्या बाईनं? दमणचे बनावट जन्मदाखले लावून पोर्तुगीज पासपोर्ट काढल्याची प्रकरणं पूर्वी उघडकीला आली आहेत. तिकडचे अधिकारी आता प्रत्येक कागद संशयानं बघणार, हे उघड आहे. कोऱ्या कागदावर सही देऊ नका. कुलमुखत्यारपत्र दिलं असेल तर वकिलामार्फत नोटीस देऊन आजच रद्द करा. आम्ही केलं.

लिस्बनला आमचा अर्ज गेलाच नव्हता, हेही नंतर कळलं. तिथे अर्ज दाखल झाला की एक संकेतांक मिळतो आणि त्यावरून अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे ते ऑनलाइन बघता येतं. आम्हाला त्यानं फक्त मोबाइलवर एक स्क्रीनशॉट पाठवला. संकेतांक मागितला की, “तो वकिलाकडेच राहतो.” तो अर्जदाराला मिळू शकतो. संकेतांक नाही तर अर्ज नाही, असं समजा. आणि तो ९०,००० चा ‘अर्जंट’! २०२५ मध्ये पोर्तुगालमध्ये नागरिकत्वाचा कायदा कडक करायच्या हालचाली सुरू झाल्या, ती बातमी खरी होती. तीच दाखवून त्यानं घाई केली. खऱ्या बातमीच्या आडून खोटी घाई.

सगळ्यात मोठी गोष्ट त्यानं दडवली, ती नागरिकत्वाची. पहिल्या दिवसापासून तो ‘दुसरं नागरिकत्व’, ‘दोन्ही पासपोर्ट’ असंच म्हणत होता. भारतात असं काही नाही. राज्यघटनेचं कलम ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचंही कलम ९ स्पष्ट आहे: स्वेच्छेनं परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं. भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो. लपवून तो वापरत राहणं गुन्हा आहे. नंतर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळतं ते) मिळू शकतं, पण ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. माझं नाव दिंडोरीच्या सातबाऱ्यावर आहे, शेजारचा तुकडा घ्यायचं बोलणं चाललं होतं, आणि हे त्याला माहीत होतं. तरी तोंडातून एक शब्द काढला नाही. नाशिकमध्ये शेती असलेल्या प्रत्येकानं ही गोष्ट आधी वकिलाला विचारावी, एजंटाला नाही.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात गेलो. अंमलदारानं कागद चाळले आणि विचारलं, “पैसे तुम्ही तुमच्या खुशीनं दिले ना? मग ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.” बनावट सरकारी शिक्का समोर ठेवला तरी दिवाणी! तिथून सायबरला पाठवलं. ते म्हणाले, माणूस समोरासमोर भेटलेला आहे, आमच्याकडे कशाला आलात. तिथून आर्थिक गुन्ह्यांच्या विभागात. तिथे सांगितलं, रक्कम लहान आहे, आमच्याकडे कोटींची प्रकरणं येतात. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच केलात, ओटीपी तुम्हीच दिला. परदेशी नोकरीच्या एजंटांची तक्रार घेणाऱ्या सरकारी कक्षाला पत्र लिहिलं, उत्तर आलं की नागरिकत्वाची सल्लासेवा ही नोकरभरती नव्हे, आमच्या कक्षेत येत नाही. मग कुणाच्या कक्षेत येते, ते पत्रात नाही. कॉलेज रोडवर दिवसाढवळ्या पाटी लावून माणूस बसतो, त्याला परवाना कोण देतो, तपासतं कोण, कुणाला माहीत नाही.

आणि एका साहेबानं आईसमोर मला विचारलं, “देश सोडायला निघाला होतात, आता देशाचे पोलीस आठवले का?” ह्या बाईनं लहानपणी गोवा मुक्त होताना बघितलाय. तिला हे ऐकावं लागलं. चोरी त्याची आणि मान खाली घालायची आम्ही. त्या दिवसापासून आई तक्रारीच्या कामाला माझ्याबरोबर येत नाही.

वकिलानं मग रस्ता दाखवला. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे वरिष्ठांकडे लेखी, पोस्टानं तक्रार पाठवता येते. तरीही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि बनावट दस्ताला ३३६. तोंडी बोलू नका, प्रत्येक ठिकाणी लेखी द्या आणि पोच घ्या. माझ्याकडे पहिल्या फेऱ्यांची एकही पोच नाही, कारण कुणी द्यायलाच तयार नव्हतं. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि ताजं असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा, उशीर झाला की त्याचा उपयोग राहत नाही. ग्राहक आयोगातही जाता येतं. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षं. आमची तक्रार तिथे दाखल झाली आहे आणि न्यायदंडाधिकाऱ्यांकडचा अर्जही.

त्या कार्यालयाची पाटी आता बदलली आहे, आतली माणसं तीच आहेत. गोवा, दमण आणि दीव सरकारच्या निळ्या गोल शिक्क्याचा, इंग्रजीतला, १९६१ च्या आधीची तारीख असलेला जन्मदाखला नाशिकमध्ये आणखी कुणाला मिळाला असेल तर तो फाडू नका आणि त्या माणसाला परतही देऊ नका, तो मागायला नक्की येईल. फोंडा, मडगाव, म्हापसा, जिथली नोंद असेल तिथल्या रजिस्ट्रारकडून क्रमांक पडताळून लेखी घ्या आणि त्या कागदासह तक्रार द्या. आमच्या वकिलांचं म्हणणं आहे की एकाच शिक्क्याचे तीन-चार दाखले एकत्र समोर आले तर कुणालाही ही दिवाणी बाब म्हणता येणार नाही. सध्या आमचा एकच आहे. इंदिरानगरच्या त्या कुटुंबाचा दाखला अजून हातात आलेला नाही, पण पुढचे पैसे त्यांनी थांबवले आहेत.