सात की साठ? ध्वनिशोषक पॅनेल लावून आठ महिने झाल्यावर

श्रुतलेखनात मागच्या दोन बाकांवरची मुलं ‘पाठ’चं ‘पाट’ लिहायची, ‘साठ’चं ‘सात’. बरेच दिवस मी ते निष्काळजीपणाच्या खात्यात टाकत होते. एकदा सहकारी बाईंना फळ्यापाशी उभं करून वाचायला लावलं आणि मी स्वतः वही घेऊन शेवटच्या बाकावर बसले. मलाही ‘त’ की ‘ठ’ कळेना. आवाज पुरेसा मोठा होता, पण शब्द एकमेकांत कालवल्यासारखे येत होते.

आधी माईक आणि स्पीकर लावून पाहिला. महिनाभरात तो काढला, कारण माझ्या आवाजाबरोबर घुमाराही तेवढाच वाढत होता. आमचा वर्ग 8 मीटर लांब, 6 मीटर रुंद, 3.5 मीटर उंच. गिलाव्याच्या भिंती, खाली फरशी, वर स्लॅब. अशा खोलीत आधीच्या स्वराचा घुमारा विरण्याआधीच पुढचं व्यंजन येतं. व्यंजनं मुळातच क्षीण, ती त्याखाली झाकली जातात. मोठी माणसं संदर्भावरून निसटलेलं भरून काढतात. लहान मुलांजवळ तेवढा शब्दसाठा नसतो.

किती पॅनेल लागतील याचा हिशेब अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांच्या जुन्या सूत्राने केला: खोलीचं घनफळ गुणिले 0.161, भागिले एकूण शोषण (म्हणजे आवाज पूर्ण गिळणारा किती चौरस मीटर पृष्ठभाग खोलीत असल्यासारखा आहे ते). उत्तर येतं ते आवाज 60 डेसिबलने उतरायला लागणाऱ्या सेकंदांचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या सूचनांमध्ये वर्गासाठी हा काळ सुमारे 0.6 सेकंद धरला आहे. आमच्या 168 घनमीटरला त्यासाठी जवळपास 45 चौरस मीटर शोषण हवं. मुलं, कपडे, दप्तरं धरूनही त्याच्या निम्मं भरत नव्हतं. म्हणून कापडात मढवलेली 50 मिलिमीटर जाडीची रॉकवूलची (दगड वितळवून काढलेल्या तंतूंची) पॅनेलं, एकूण 30 चौरस मीटर, बसवली.

सगळी छताला लावायची घाई करू नका. आम्ही तेच केलं, आणि टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज थरथरत राहायचा. काही पॅनेलं उतरवून मागच्या आणि एका बाजूच्या भिंतीवर घेतली तेव्हा तो थांबला. पॅनेलामागे थोडी पोकळी ठेवली तर जाड, खालचे आवाजही जास्त शोषले जातात. अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला होता. त्यांनी बोलण्याच्या आवाजात फारसा फरक पडत नाही, आणि ते पेट घेतात. फोम घ्यायचाच असेल तर तो आगीत कसा वागतो ते आधी विचारा.

आता फरक. संध्याकाळी माझा घसा बसत नाही. गटकाम चालू असताना गलका चढत जायचा, कारण प्रत्येक गट शेजारच्याच्या वर आवाज काढायचा. ते पुष्कळ कमी झालंय. श्रवणयंत्र वापरणारी एक मुलगी नेहमी पहिल्या बाकावर बसायची, ती दिवाळीच्या सुट्टीनंतर स्वतःहून मैत्रिणीजवळ चौथ्या बाकावर गेली. मला सगळ्यात मोठा आनंद त्याचा आहे.

तक्रारीही आहेत. मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवरच्या पॅनेलांचे कोपरे उसवले, कापडावर धूळ बसते. वरून ऑइलपेंट देऊन चालत नाही, छिद्रं बुजतात. बाहेरची वर्दळ मात्र जशीच्या तशी आत येते. पॅनेल खोलीतला घुमारा खातं, बाहेरचा आवाज अडवत नाही. दाराच्या फटीला रबरी पट्टी आणि खुर्च्यांच्या पायांना बूच हे काम आता हाती घेतलंय, आणि कुरकुरणारा मधला पंखाही दुरुस्तीला काढलाय.