गार्डनर इंजिनवाली जुनी लाकडी यॉट: तापोळ्यात आणायचा विचार असेल तर आधी हे वाचा

बोट देखणी आहे, इंजिनं एक नंबर आहेत आणि तरीपण घेऊ नका, निदान तापोळ्याला कोयना धरणाच्या पाण्यात टाकायला तर अजिबात नको. पाचापैकी अडीच स्टार, त्यातले दोन नुसत्या इंजिनांचे.

आमच्या एका मित्राचं तापोळ्याकडं छोटं रिसॉर्ट आहे, त्याच्या डोक्यात सध्या तरंगतं हॉटेल शिरलंय. कोकणात एका खाडीत जुनी लक्झरी मोटर यॉट विकायला आहे असं त्याला कळलं, आणि मी सातारा एमआयडीसीत डिझेल इंजिनांची कामं करतो म्हणून मला बरोबर घेऊन गेला. ५२ फूट लांब, १३ फूट रुंद, चार केबिन, दोन इंजिनं, भाव ७५ लाख. "थोडं काम आहे साहेब, पॉलिश मारलं की चकाचक", इति एजंट.

एजंटचं दुसरं पालुपद म्हणजे ही अमुक महाराजांची बोट होती. आता भारतात जुनी गाडी, जुनी बंदूक आणि जुनी बोट ही कुठल्यातरी महाराजांचीच असते त्यामुळं त्यावर काय बोलायचं. पण खरं शोधायचं असेल तर सोपी गोष्ट आहे, ब्रिटिश रजिस्टरची बोट असली की तिचा ऑफिशियल नंबर आणि टनेज मुख्य आडव्या तुळईवर कोरलेलं असतं. आम्ही टॉर्च घेऊन शोधलं तर रंगाच्या थराखाली आकडे निघाले, अर्धे कुणीतरी सँडपेपर मारून घालवलेले. लॉइड्सचं यॉट रजिस्टर १८७८ पासून १९८० पर्यंत छापलं जायचं, नंबर पूर्ण मिळाला तर त्यात बोटीचं मूळ नाव, बांधणारा, मालक सगळं सापडू शकतं. एजंटला हे सांगितलं तर म्हणाला एवढं कोण बघतं. अरे ७५ लाख मागतोस आणि एवढं कोण बघतं?

वरून बघितलं तर मन भरतं हे मान्य. महोगनीचं पॅनेलिंग, ब्राँझच्या गोल खिडक्या, घडीचं जेवणाचं टेबल, ड्रॉवरला अशा खाचा की बोट कितीपण हलली तरी आपोआप उघडणार नाही. मित्र तिथंच गळाला लागला, फोटोवर फोटो. मी त्याला म्हटलं तू वर बस, चहा पी, मी खाली जातो.

खाली खरा माल आहे. दोन गार्डनर ६एलडब्ल्यू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मँचेस्टरजवळ पॅट्रिक्रॉफ्टला गार्डनरचा कारखाना होता, इंग्लंडच्या बसेस आणि ट्रकमध्ये ही इंजिनं वर्षानुवर्षं चालली. सहा सिलेंडर, ८.४ लिटर, आणि ताकद किती तर १७०० आरपीएमला जेमतेम १०२ हॉर्सपॉवर. आजची पोरं हसतील, एवढ्याशा ताकदीला एवढं मोठं धूड. पण त्यातच मजा आहे ना राव, इंजिनाला कधी धाप लागतच नाही, निवांत फिरतं म्हणून टिकतं, डिझेलपण कमी पितं. फ्युएल पंपावर प्रत्येक सिलेंडरला वेगळा हातानं प्रायमिंग करायचा लिव्हर, सिलेंडरमधला दाब सोडायचे डिकॉम्प्रेशनचे लिव्हर, म्हणजे बॅटरी मेली तरी माणूस पार अडकून पडत नाही. डाव्या बाजूचं इंजिन बार लावून फिरवलं तर मोकळं फिरलं, तेलात पाणी नाही. उजवं जाम आहे, आणि कारण उघड दिसतंय, एक्झॉस्टमधून पाणी मागं आलंय, एकदोन सिलेंडर गंजले असणार. तरी हे काम होण्यासारखं आहे. लायनर, पिस्टन, व्हॉल्व्ह, नोझल, सगळं मापात बसवता येतं, गार्डनरचे पार्ट इंग्लंडमध्ये अजून मिळतात. पंख्याचा शाफ्ट जिथून बोटीबाहेर जातो तिथलं पाणी अडवणारं ग्लँड तर आपल्या पंपाच्या ग्लँडसारखंच, दोरी भरायची, नट बेतानं आवळायचं, थोडे थेंब पडलेच पाहिजेत, पार कोरडं केलंत तर शाफ्ट खाणार. हे आपल्या कुठल्यापण मिस्त्रीला जमेल.

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेम लाकूड.

लोकांना वाटतं खारं पाणी लाकडाला खातं. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा असतो हे खरं, पण तो फळीत बाहेरून शिरतो, रंग आणि तांब्याचा पत्रा नीट असला की बराचसा आवरतो. जुन्या बोटींचा खरा वैरी पावसाचं गोडं पाणी. डेकच्या फटीतून ते थेंब थेंब आत येतं, तुळईच्या टोकाला आणि बरगड्यांच्या बुडाला साचतं, वारा लागत नाही आणि बुरशी लाकडाचा भुसा करते. मीठ असलं तर बुरशी धरत नाही, म्हणून पूर्वीचे बांधणारे बरगड्यांच्या मधल्या जागेत मीठ भरून ठेवायचे. या बोटीवर ताडपत्री आहे पण फाटकी, किती पावसाळे तिच्यावरून गेलेत देव जाणे.

मी लाकडी दांड्याची छोटी हातोडी घेऊन फळ्या वाजवत गेलो. बाहेरच्या फळ्या सागवानी, टणटण वाजतात, त्यांना काही झालेलं नाही. बरगड्या ओकच्या आहेत आणि मागच्या बाजूला आवाज पार बसका. आणि तळाला बघतो तर काय, सिमेंट! जुन्या बोटीत बरगड्यांच्या मध्ये सिमेंट ओतायची पद्धत होतीच, पाणी साचू नये म्हणून, त्यामुळं नुसतं सिमेंट दिसलं म्हणून कुणाला चोर म्हणता येत नाही. पण इथलं सिमेंट नवीन आहे, पांढरंफटक, आणि बरोबर जिथं आवाज बसका येतो तिथंच ओतलंय. एजंटला विचारलं खाली काय आहे, तो म्हणाला मजबुतीसाठी केलंय. मी म्हटलं फोडून दाखवा. तर लगेच मालकाला विचारावं लागतंय.

एक स्क्रू काढू दिला, उपकार झाले. तो गुलाबी निघाला. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यात निघून जातं आणि मागं राहतं ते सच्छिद्र तांबं, पकडीत धरून पिरगाळलं की बिस्किटासारखं तुटतं. हा तसाच तुटला. म्हणजे ब्राँझऐवजी कुणीतरी कधीतरी पितळी स्क्रू मारलेत, आता किती हजार आहेत आणि त्यातले किती असे, हे सगळे काढल्याशिवाय कळणार नाही.

शिवाय बोट जमिनीवर उन्हात वाळलीय. फळ्या आकसून फटी पडल्यात. हे एरवी नॉर्मल आहे, पाण्यात उतरवताना बोट पट्ट्यात धरून ठेवायची, पंप चालू ठेवायचे, लाकूड फुगलं की फटी मिटतात. पण यांनी शहाणपणा करून फटीत कडक एपॉक्सी लांबी (पुट्टी) भरलीय. आता फळी फुगायला लागली की जागाच नाही, मग ती बरगडीला ढकलणार, आणि बरगड्यांचं मी वर सांगितलंच.

मित्राचं म्हणणं, नालिन नावाची यॉट पण तरंगतं हॉटेल होती आणि तिचं नंतर सोनं झालं. बरोबर आहे. १९३० ला क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन यार्डात बांधलेली, १९३६ ला राजा आठवा एडवर्ड तिच्यातून फिरला, नंतर रुमानियाच्या राजानं घेतली, मग राजवट बदलली आणि ती डॅन्यूब नदीवर रेस्टॉरंट म्हणून उभी राहिली. १९९९ ला परत इंग्लंडला आणली, पुढं जर्मनीत पूर्ण नवी केली आणि आज ती व्हॅक्यूम क्लीनरवाल्या डायसनकडं आहे. पण भावा, ती पोलादी आहे, पत्रा कापून नवा लावता येतो, आणि मालक अब्जाधीश आहे. तू तापोळ्यात थालीपीठ विकतोस.

आता समजा फुकट मिळाली तरी आणणार कशी? मेढ्याकडून आणा, महाबळेश्वरवरून आणा नाहीतर सातारा-यवतेश्वर-कास करून बामणोलीला आणा, १३ फूट रुंदीचा ट्रेलर त्या वळणांवर अडकला की कासच्या सीझनला अख्खा सातारा तुम्हाला शिव्या देईल. आणली समजा. मग धरणाची पातळी. कोयनेचं पाणी वीज करून पश्चिमेला वाशिष्ठीत जातं, उन्हाळ्यात पाणी एवढं खाली जातं की बामणोलीच्या हलक्या फायबर बोटींनापण काठ बदलत खाली सरकावं लागतं, तिथं जिचा तळ पाच फूट पाण्याखाली जातो ती ही बोट धक्क्याला लावणार कुठं? वर महाबळेश्वरच्या बाजूचा पाऊस, म्हणजे जे पाणी या बोटीला मारतं तेच आपण तिला चार महिने वरून पाजणार आणि खालूनपण गोडंच. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणं नोंदणी, सर्व्हे, विमा हे वेगळंच. आणि वासोट्याची बाजू व्याघ्र प्रकल्पात येते, तिथं दोन गार्डनर धडधडत फिरवायला कोण देणार आहे, आणि खरं सांगायचं तर देऊपण नये.

किनाऱ्यावरचा कुणी असेल, घरात लाकडी बोटी बांधणारे जुने सुतार असतील, शेड असेल आणि पैशांची घाई नसेल तर बघायला हरकत नाही. पण ७५ लाख नाही. मागच्या बरगड्या, सगळे स्क्रू, डेक, एवढं धरलं तर हलची, म्हणजे बोटीच्या लाकडी धडाची, किंमत मी शून्य लावेन, पैसे फक्त इंजिनं, खिडक्या आणि महोगनीचे.

मित्र अजून फोटो बघतोय. मी एजंटला मेसेज टाकलाय की बोट मोडीत निघाली तर दोन्ही गार्डनर गिअरबॉक्ससकट कितीला, जाम असलेलं पण चालेल. उत्तर आलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी बघायला जाणार असाल तर छिन्नी बरोबर न्या आणि मागचं सिमेंट फोडू दिल्याशिवाय एक रुपया ॲडव्हान्स देऊ नका.