दारू पिणाऱ्याच्या घरच्यांची बैठक, सोलापुरातल्या अशोक चौकाकडची : पाचपैकी चार स्टार

आधीच सांगते, इथं कुणाची दारू सुटत नाही. पिणाऱ्याला आणूच नका असं पहिल्या फोनवरच सांगतात, येताना बायकोनं यायचं आणि पोरांना घेऊन यायचं. वहिनीला हे पटेना, म्हणाली वन्सं, पितो तुमचा भाऊ आणि समजवायचं मला व्हय? त्यावर मला काही बोलता आलं नाही, तरी ओढून नेलं.

दर रविवारी सकाळी एका शाळेच्या दोन खोल्यांत भरते. एका खोलीत मोठी माणसं, म्हणजे बहुतेक बायकाच, मधूनच एखादी पोराच्या पिण्यानं टेकीला आलेली आई, एकदा तर एक सासरेबुवा टोपी हातात धरून पूर्ण वेळ बसले होते. दुसऱ्या खोलीत पोरं. फी नाही, आधार कार्ड मागत नाहीत, आडनाव पण विचारत नाहीत. ट्रस्टचं नाव मी इथं टाकत नाही कारण येणारी सगळी साखर पेठ, भवानी पेठ, विडी घरकुल इकडचीच, कोण कुणाच्या घरातलं हे लोकांना लगेच कळतं आणि मग बायका यायच्या बंद होतात. ज्याला गरज आहे त्यानं इनबॉक्स करा.

मोठ्यांच्या खोलीत फळ्यावर तीन ओळी कायम लिहिलेल्या असतात: हे मी सुरू केलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरं करू शकत नाही. ही अल-अनॉनची शिकवण, अमेरिकेत १९५१ ला पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी ते सुरू झालं आणि १९५७ ला पोरांसाठी अलाटीन वेगळं निघालं. आपल्याकडं पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथं पिणाऱ्यांच्या बायकांसाठी सहचरी म्हणून गट चालतो, इथली बैठक घेणाऱ्या ताई त्याचं उदाहरण सारखं देतात. पहिल्या वेळी त्या तीन ओळी वाचून वहिनी चिडलीच की आपण काहीच करायचं नाही असा याचा अर्थ झाला. आता तीच नवीन आलेल्या बाईला समजावून सांगते, तेही विडीची पानं कापता कापता, हात काय थांबत नाहीत तिचे.

मध्ये एक डॉक्टर येऊन गेले, त्यांचं बोलणं सगळ्या सोलापूरनं ऐकायला पाहिजे होतं. भिंतीवर ते लिहिलेलं असतं ना, रुग्णाच्या नकळत दारू सोडवा, एका बाईनं तसली पुडी आणून डाळीत कालवायला सुरुवात केली होती. डॉक्टर म्हणाले त्यात काय आहे कुणाला माहीत, आणि समजा डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल तर त्यावर माणूस प्यायला की उलट्या, छातीत धडधड, बीपी खाली, जीव पण जाऊ शकतो, हे औषध माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं आणि डॉक्टरच्या नजरेखालीच द्यायचं. दुसरं म्हणजे वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम दारू तोडायची नाही, दोन-तीन दिवसांत झटके येतात, भास होतात, त्याला दवाखानाच लागतो. आमच्या गल्लीत कोंडण्याचा प्रकार सर्रास चालतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

पण खरी पैसा वसूल (फुकट आहे तरी) गोष्ट म्हणजे पोरांची खोली. भाची एकटी बसेना म्हणून पहिल्या दिवशी मला दाराशी बसू दिलं. ताईंनी सगळ्यांना घराचा नकाशा काढायला लावला, दार कुठं, मोरी कुठं, पप्पा कुठं बसतात, आणि भांडण लागलं की तू कुठं जातोस तिथं फुली मार. एका बारक्यानं पाण्याच्या बॅरलमागं फुली मारली. माझ्या भाचीनं फुलीच मारली नाही, म्हणाली मी कुठं जात नाही, बारक्या भावाला झोपवते आणि मम्मीच्या पुढं उभी राहते. नववीत आहे ओ पोरगी. आम्ही सगळे तिला काय गुणाची पोर, काय शहाणी पोर म्हणत होतो इतके दिवस. ताई म्हणाल्या अशा घरात एक पोर मोठं माणूस होऊन बसतं, एक सगळ्यांना हसवत राहतं, एक मारामाऱ्या करतं आणि एक गप्पच होतं, त्यातल्या मारामारी करणाऱ्याला तरी शाळा बोलावून घेते, शहाण्याकडं आणि गप्पाकडं कुणी बघत नाही.

मग तिला शिकवलं काय, तर मध्ये उभं राहायचं नाही. बाटली मोरीत ओतायची नाही, पप्पा प्यायलेले असताना वाद घालायचा नाही. कुठल्या शेजाऱ्याच्या घरी जायचं ते आधीच ठरवायचं, दप्तर दाराजवळ ठेवायचं, वहीच्या शेवटच्या पानावर मुलांच्या मदतीचा १०९८ आणि पोलिसांचा ११२ लिहायचं. बायकांना पण वेगळे नंबर दिले, नशामुक्तीचा १४४४६ आणि मन लागत नसेल, झोप नसेल तर टेलिमानस १४४१६.

भाचीनं विचारलं, मी दहावीला ९० टक्के पाडले तर पप्पा सोडतील का? ताईंनी गोड गोड काही सांगितलं नाही. नाही गं बाळा, मार्क तुझे, दारू त्यांची, एवढंच. रिक्षात बसल्यावर पोरगी रडली, पण आता टेस्टच्या आदल्या रात्री जे पोट दुखायचं ते कमी झालंय असं वहिनी सांगते.

अजून एक, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. पोराला बाटली आणायला पाठवणं आपल्याकडं कुणाला काही वाटत नाही, पण २०१५ च्या बालन्याय कायद्यात लहान मुलाकडून दारूची ने-आण करून घेणं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. हे ऐकल्यावर खोलीतल्या निम्म्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं.

सोलापूरजवळच्या मुळेगाव तांड्यावर २०२१ ला ग्रामीण पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तन काढलं, हातभट्टीवाल्यांना दुसऱ्या धंद्याला लावलं, चांगलंच केलं. पण संध्याकाळी गाडीचा आवाज आला की पोरांच्या पोटात जो गोळा येतो त्याच्यासाठी आपल्याकडं असल्या जागा किती आहेत सांगा.

आता एक स्टार का कापला. पंधरा-सोळाच्या पोरांसाठी काहीच नाही. ती काय बारक्यांबरोबर चित्रं काढत बसणार नाहीत, खाली टपरीवर उभी राहतात आणि त्यांनाच सगळ्यात जास्त गरज आहे, बापाची दारू पोरात उतरते का हा प्रश्न त्यांच्याच मनात असतो. (धोका जास्त असतो, पण ठरलेलं काही नसतं, आजूबाजूला भरवशाचं एक मोठं माणूस असलं तरी फरक पडतो, हे मोठ्यांच्या खोलीत सांगितलं, ज्यांना सांगायचं ते टपरीवर.) दुसरं, पूर्व भागातली बरीच पोरं घरी तेलुगू बोलतात आणि ताईंना तेलुगू येत नाही, मग एक पोरगं दुसऱ्याचं मराठीत सांगतं, आता घरचं असलं बोलणं मित्राच्या तोंडून सांगायचं म्हणजे ते अर्धंच येणार. तेलुगू येणारं कुणी असेल तर त्यांनी खरंच जावं.

आणि वेळ. रविवारी नळाला पाणी आलं की बैठक ओस. आपल्याकडं पाणी काय रोज येतंय का, सोडून कोण येणार! संध्याकाळी ठेवा म्हणून मी दोनदा बोलले, तर म्हणे संध्याकाळी बायका घर सोडू शकत नाहीत. ते पण खरंच आहे.

जिना उभा आहे आणि कठडा एकाच बाजूला, सासूबाईंना आणणार असाल तर हाताला धरून चढवा.