एक्सेलच्या यादीवरून पत्त्यांची लेबलं: वर्डचं मेल मर्ज कितपत उपयोगी?

एक्सेलमधल्या पत्त्यांवरून चिकटवायची लेबलं छापायला वर्डचं मेल मर्ज, म्हणजे यादीतली नावं-पत्ते एका नमुन्यात आपोआप भरणारी सोय, अजूनही सगळ्यात भरवशाचं आहे. दिसायला जुनाट आहे, बटणं कुठेही विखुरलेली आहेत, पण पन्नास पत्ते असोत की दोन हजार, एकदा बसवलं की निमूट काम करतं. घोळ होतो तो बहुधा वर्डच्या आधी शीटमध्ये, नाहीतर नंतर प्रिंट काढताना.

शीटच्या पहिल्या ओळीत फक्त कॉलमांची नावं हवीत. वर 'सभासदांची यादी' असं झोकदार शीर्षक ठेवलंत, तर वर्ड त्यालाच कॉलमचं नाव समजतो. नाव, पत्त्याच्या दोन ओळी, गाव, पोस्टल कोड असे वेगळे कॉलम करा. कोड आणि घर क्रमांकाचे कॉलम मजकूर भरण्याआधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. नाहीतर एक्सेल कोडच्या सुरुवातीचं शून्य खाऊन टाकतं. शिवाय कॉलममध्ये आकडे आहेत की मजकूर, हे वरच्या काही ओळी (सहसा आठ) बघून ठरतं. त्या ओळींत नुसते आकडे असले आणि खाली कुठे '१२अ' आला, तर लेबलवर तिथे रिकामी जागा किंवा शून्य उमटतं. आधीच भरलेल्या आकड्यांचं फॉरमॅट नुसतं बदलून भागत नाही. 'टेक्स्ट टू कॉलम्स'मधून तो कॉलम टेक्स्ट करून घ्यावा लागतो. गेलेली शून्यं मात्र तुम्हालाच परत लिहावी लागतात.

वर्डमध्ये 'मेलिंग्ज' टॅबवर 'स्टार्ट मेल मर्ज', मग 'लेबल्स'. लेबलांच्या पाकिटावरचा नंबर इथे निवडायचा. उदाहरणार्थ, एव्हरी कंपनीचं एल७१६० म्हणजे ए४ कागदावर ३ × ७ अशी २१ लेबलं, प्रत्येक ६३.५ × ३८.१ मि.मी. नंबर यादीत नसेल तर 'न्यू लेबल'मध्ये पट्टीने मोजून मापं भरा. पुढे 'सिलेक्ट रेसिपियंट्स'मधून फाइल आणि शीट निवडा आणि पहिल्या लेबलात फील्ड (एकेका कॉलममधला मजकूर जिथे यायचा त्या जागेची खूण) टाका. अख्खा पत्ता एकदम टाकणारा 'अ‍ॅड्रेस ब्लॉक' टाळा. त्याची मांडणी त्याच्या मर्जीने होते, सुटी फील्ड बरी. प्रत्येक फील्ड एंटर मारून स्वतंत्र ओळीत ठेवलं, की पत्त्याची दुसरी ओळ रिकामी असल्यास वर्ड ती गाळतो. त्याच ओळीत स्वल्पविराम टाकला असेल तर गाळत नाही.

आता 'अपडेट लेबल्स'. सगळ्यात जास्त विसरलं जाणारं बटण हेच. ते दाबलं नाही, तर पानावर एकच पत्ता छापला जातो आणि बाकीची वीस लेबलं कोरी जातात. नंतर फॉन्ट बदलला तरी पहिल्याच लेबलात बदलून हे बटण पुन्हा दाबायचं. लेबलच्या ओळींची उंची ठरलेली असते, त्यामुळे जास्तीचा मजकूर खाली सरकत नाही, कापला जातो. परिच्छेदानंतरची मोकळी जागा शून्य करा. देवनागरीत ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली'वर फार कमी ठेवलं, तर वेलांट्या आणि मात्रा छाटल्या जातात.

'फिनिश अँड मर्ज'मध्ये थेट प्रिंट न देता 'एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स' घ्या आणि पानं नजरेखालून घाला. प्रिंट देताना आकार १०० टक्केच हवा. 'फिट टू पेज'ने पान ९७ टक्क्यांवर आलं, तर सात ओळींच्या २६६.७ मि.मी. उंचीत आठ मि.मी.चा फरक पडतो आणि खालचे पत्ते रेषेवर चढतात. पहिली प्रत साध्या कागदावर काढून लेबलच्या कागदाशी जुळवून, उजेडात धरून बघा.

लेझर प्रिंटरला लेझरचेच कागद द्या, आणि काही लेबलं काढून घेतलेला कागद पुन्हा त्यात घालू नका. उरलेलं लेबल आत सुटलं तर गरम रोलरला चिकटतं, आणि दुरुस्तीचा खर्च लेबलांच्या पाकिटाहून कितीतरी जास्त येतो.

वर्ड-एक्सेलसारखंच काम करणारं लिब्रेऑफिस फुकट आहे आणि लेबलं तिथेही होतात. फक्त शीट आधी डेटाबेस म्हणून नोंदवावी लागते आणि लेबलं बनवताना 'सिंक्रोनाइझ कंटेंट्स'वर खूण करावी लागते. वर्ड आधीपासून असेल तर या खटाटोपात पडू नका. नसेल, तर केवळ लेबलांसाठी विकत घ्यायचीही गरज नाही.