हरवलेले टायटल आणि १९७१ ची बीटल: टेक्सासमधील एका टायटल सेवेचा अनुभव

गेल्या वर्षी मी टेक्सासमध्ये १९७१ सालची फोक्सवॅगन बीटल विकत घेतली. गाडी एका गृहस्थांच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे उभी होती. इंजिन जागेवर होते, पत्राही बराचसा शाबूत होता, फक्त टायटल नव्हते. त्यांच्या वडिलांनी ती कोणाकडून तरी तोंडी व्यवहारावर घेतली होती आणि त्या मूळ मालकाचा पत्ता आता कोणालाच ठाऊक नव्हता. मला मिळाले ते केवळ हाताने लिहिलेले, सहीचे बिल ऑफ सेल, म्हणजे विक्रीचा कागद. भारतातून आलेल्या माणसाला या अडचणीचे गांभीर्य चटकन कळत नाही, कारण आपल्याकडे मालकी आणि नोंदणी एकाच आरसी बुकात नांदतात. अमेरिकेत रजिस्ट्रेशन वेगळे आणि मालकी सिद्ध करणारे टायटल वेगळे. टायटल नसेल तर गाडी दारात उभी असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती आपली झालेली नसते.

टायटल मिळवण्याचे काम करून देणाऱ्या एका स्थानिक टायटल सेवेकडे मी गेलो. तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढे तिच्या एका चुकीबद्दल लिहायचे आहे. टेक्सासच्या मोठ्या काउंट्यांमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) अशा सेवेला परवाना लागतो. तो तिच्याकडे होता आणि विचारताक्षणी तिने तो दाखवलाही. हा प्रश्न विचारायला कोणीही संकोच करू नये.

पहिल्याच भेटीत तिथल्या बाईंनी जे सांगितले, त्यामुळे या सेवेबद्दल माझे मत चांगले झाले. जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींमध्ये 'व्हरमाँटची वाट' बरीच प्रसिद्ध होती. पंधरा वर्षांहून जुन्या गाड्यांना ते राज्य टायटल देत नसे आणि त्यांचे रजिस्ट्रेशनच मालकीचा पुरावा म्हणून चाले. त्यामुळे दुसऱ्या राज्यातले लोक टपालाने अर्ज करून तिथले रजिस्ट्रेशन मिळवत आणि त्याच्या आधारे आपल्या राज्यात टायटल काढत. २०२३ मध्ये व्हरमाँटने बाहेरच्या अर्जदारांसाठी नियम कडक केले आणि ती सोय व्यवहारात संपली. बाईंनी हे स्पष्ट सांगितले आणि ही वाट आजही चालू असल्याचे सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका, असेही बजावले. टेक्सासच्या रहिवाशाने टेक्सासचेच बाँडेड टायटल, म्हणजे हमीपत्राच्या (बाँडच्या) आधारे मिळणारे टायटल काढावे, हा त्यांचा सल्ला बरोबर होता.

त्यानंतरचे काम म्हणजे गाडीचा पूर्वेतिहास शोधणे, आणि माझ्या मते या सेवेच्या शुल्काचे खरे मोल तिथेच वसूल झाले. सतरा अक्षरांचा ठरावीक व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, १९८१ च्या मॉडेलपासून सुरू झाला. त्याआधी प्रत्येक कारखान्याची क्रमांकाची पद्धत निराळी होती. माझ्या बीटलचा क्रमांक दहा आकडी आहे. त्यातले पहिले दोन आकडे गाडीचा प्रकार सांगतात आणि तिसरा मॉडेलच्या वर्षाचा शेवटचा आकडा असतो, म्हणून तो १११ ने सुरू होतो. गाडी चोरीची आहे का, हे पाहणाऱ्या इंटरनेटवरच्या तपासण्या बहुधा सतरा अक्षरांशिवाय पुढेच सरकत नाहीत. अशा वेळी राज्याकडे नोंदींसाठी रीतसर अर्ज करावा लागतो, आणि १९९४ च्या वाहनचालक गोपनीयता कायद्यामुळे आधीच्या मालकाचे नाव-पत्ता मागणाऱ्या कोणालाही दिला जात नाही. कोणत्या कारणासाठी कोणती माहिती मागता येते, हे या लोकांना पक्के ठाऊक होते. नोंद सापडली नाही, मात्र नोंद नसल्याचे उत्तर लेखी हाती आले, आणि पुढे तेच उपयोगी पडले.

नोंद नसल्यामुळे गाडीच्या क्रमांकाची पोलिसांकडून तपासणी करून घेणे भाग होते. ट्रेलरवर घालून गाडी नेली. बीटलचा क्रमांक मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यासारख्या उंचवट्यावर ठोकलेला असतो. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी सीट काढायला लावली, गंज पुसला आणि तो क्रमांक काचेजवळच्या पट्टीवरील क्रमांकाशी ताडून पाहिला. दोन्ही जुळल्यावर मला जो दिलासा वाटला, तो शब्दांत सांगणे कठीण आहे. गाडी चोरीची निघाली असती, तर पैसे आणि गाडी दोन्ही गेले असते.

आणि याच टप्प्यावर सेवेची चूक झाली. बाँडेड टायटलच्या अर्जावर त्यांनी क्रमांकातला एक आकडा चुकीचा उतरवला. अर्ज परत आला, पुन्हा सही झाली, पुन्हा टपाल झाले आणि जवळजवळ पाच आठवडे वाया गेले. त्यांनी चूक मान्य केली आणि जादा पैसे घेतले नाहीत. तरीही ज्या कामाचा सगळा डोलारा एका क्रमांकावर उभा आहे, त्या कामात तो क्रमांक दुसऱ्यांदा वाचून पाहिला गेला नाही, हे मला अक्षम्य वाटते. स्वतः सही करण्यापूर्वी मी तो तपासायला हवा होता, हेही तितकेच खरे.

बाँड म्हणजे काय, हे मात्र त्यांनी नीट समजावले नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहितो. राज्य आधी गाडीची किंमत ठरवते आणि त्या किमतीच्या दीडपट रकमेचा शुअरिटी बाँड, म्हणजे हमी देणाऱ्या कंपनीचे हमीपत्र मागते. पंचवीस वर्षे किंवा त्याहून जुन्या गाडीचे मूल्यांकन ४,००० डॉलरपेक्षा कमी आले, तरी किंमत ४,००० डॉलरच धरली जाते. म्हणजे माझा बाँड ६,००० डॉलरचा झाला. ही रक्कम भरावी लागत नाही. शुअरिटी कंपनीला तिचा हप्ता तेवढा द्यावा लागतो आणि माझ्यासाठी तो १०० डॉलर होता. पण अनेक जण या हप्त्याला आपला विमा समजतात आणि तिथेच फसतात. बाँडचे संरक्षण आपल्याला नसून, उद्या खरा मालक पुढे आला तर त्याला आहे. तीन वर्षांच्या मुदतीत कोणी मालकी सिद्ध केली, तर कंपनी त्याची भरपाई करील आणि मग ती रक्कम आपल्याकडून वसूल करील. म्हणूनच विक्रेत्याची सही, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि व्यवहाराचा लेखी तपशील यांना बाँडहूनही अधिक जपावे. त्याचप्रमाणे गाडीवर दहा वर्षांपेक्षा अलीकडच्या कर्जाची नोंद असेल, तर ते फिटल्याचा कागद मिळवल्याशिवाय बाँडेड टायटलसाठी पुढे जाता येत नाही.

पुढचे सगळे सरळ होते. राज्याच्या प्रादेशिक कार्यालयाचे अर्जशुल्क १५ डॉलर, तिथून मिळालेली, बाँडची रक्कम कळवणारी निर्धारणाची नोटीस, मग बाँड, आणि बाँड घेतल्यापासून ३० दिवसांच्या आत काउंटीच्या कर कार्यालयात १३०-यू हा टायटलचा अर्ज व ६.२५ टक्के विक्रीकर. ही पायरी कोणीही स्वतः पार पाडू शकतो. मीही ती स्वतःच पार पाडली आणि खिडकीवरच्या बाईंनी प्रत्येक कागद समजावून घेऊन शिक्का मारला.

टायटल सेवेने माझ्याकडून सुमारे २५० डॉलर घेतले. गाडीची राज्यात आधीची नोंद सापडत असेल आणि विक्रेता हाताशी असेल, तर हा खर्च करण्याची गरज नाही, कारण अर्ज भरण्यात काहीही गूढ नाही. गाडी १९८१ च्या आधीची असेल, ती अनेक हातांतून फिरलेली असेल आणि मागचा माग पूर्ण पुसलेला असेल, तर मी पुन्हा याच लोकांकडे जाईन. मात्र त्या वेळी सीटखालच्या क्रमांकाचा फोटो बरोबर नेईन आणि अर्जावरचा प्रत्येक आकडा त्यावरून मोठ्याने वाचून घेईन. टायटल चार महिन्यांनी घरी आले. त्यावर 'बाँडेड' असा शेरा आहे, आणि बाँडची मुदत संपेपर्यंत गाडी विकायची वेळ आलीच, तर तो शेरा आणि त्यामागची हकिगत घेणाऱ्याला आधी सांगायची, असे मी ठरवले आहे.